नागपूर-पुणे संध्याकाळची फ्लाइट: उशीर चालेल, पण तयारीत घाई नको

५ पैकी २ स्टार, आणि ते दोन्ही कॅप्टनला, हे आधीच सांगून टाकते.

मे महिन्यात मी, आमचे हे आणि दहा महिन्यांची चिऊ असे पुण्याला गेलो, नणंदेकडे वास्तुशांत होती. कंपनीचं नाव मुद्दाम लिहत नाही, कारण माझं भांडण एका कंपनीशी नाही. तिकीट ठीक, सीट ठीक, बॅगा पटकन आल्या. तो विषय सोडा.

विमान येतानाच सव्वा तास लेट होतं. आपला सोनेगावचा एअरपोर्ट काही फार मोठा नाही, काचेतून सगळं दिसतं, आधीचे लोक पूर्ण उतरले पण नव्हते आणि इकडे गेटवर लाइन लावा लाइन लावा सुरू. लोकांना उतरवायचं, साफसफाई करायची, इंधन, सामान, क्रूची तपासणी, हे सगळं एरवीच जेमतेम अर्ध्या तासात बसवतात, त्या दिवशी तेवढाही वेळ दिला नाही. गेटवरचा मुलगा एका हातानं पास स्कॅन करून राहिला होता आणि दुसऱ्या हातात वॉकीटॉकी. माझा पास टिंग वाजला, ह्यांचा वाजला, चिऊचा वेगळा पास होता तो त्यानं नुसता फाडून हातात दिला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

आत बसलो तर बाळाचा बेल्टच नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मांडीवरच्या बाळाला एक छोटा वेगळा पट्टा असतो, त्याला फासा असतो, त्यातून आपला पट्टा ओवायचा आणि मग तो बाळाच्या पोटावर लावायचा. आधी दोनदा गेलो तेव्हा क्रूनं स्वतःहून आणून दिला होता. मी मागितला, "हां मॅम, अभी लाती हूँ" म्हणून ती पोरगी गेली ती गेलीच, दार लागलं, विमान मागे ढकलणं सुरू झालं, तरी बेल्ट नाही. मी बटण दाबलं. धावत आली आणि हातात ठेवला तो दुसराच पट्टा, जाड माणसांना लांबी कमी पडते म्हणून जोडायला देतात ना तो! फासाच नाही त्याला. हे म्हणाले, "जाऊ दे ना आता, मी धरतो तिला." मी म्हटलं अजिबात नाही, जोराचा ब्रेक लागला तर दहा किलोचं लेकरू कोणाच्या हातात राहते? त्या पोरीकडे पाहिलं तर बावीस-तेवीस वर्षांची असेल, कपाळावर घाम, हात थरथरून राहिले होते. तिच्यावर रागवावंसं वाटलंच नाही मला. परत गेली, बरोबर पट्टा घेऊन आली आणि स्वतः गुडघ्यावर बसून लावून दिला.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं, तीन रांगा पुढे इमर्जन्सी दाराजवळ एक आजोबा बसलेले, पायाशी काठी. त्या सीटवरच्या माणसाला दार कसं उघडायचं ते क्रूनं समोर उभं राहून सांगायचं असतं आणि ज्याला जमणार नाही त्याला तिथून उठवायचं असतं. कोणीच आलं नव्हतं.

विमान थोडं पुढे गेलं आणि थांबलं. कॅप्टननं सांगितलं की आतली माणसं आणि कागदावरचा आकडा जुळत नाही, परत जावं लागेल. झालं, लोक पेटले! "आता काय रात्री बारा वाजता पोहोचवता का बे," एक भाऊ मागून ओरडला. कॅप्टन परत बोलला, शांतपणे, की तुमची वीस मिनिटं जातील याची मला कल्पना आहे पण आकडा जुळल्याशिवाय मी उडणार नाही. मला तर त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

कारण हा आकडा म्हणजे नुसती हजेरी नसते. किती माणसं, किती सामान, कुठे किती वजन, त्यावरून टेकऑफचा स्पीड आणि बाकीचा हिशोब ठरतो. त्यात नागपूरचा मे. गरम हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनची ताकदही कमी पडते, धावपट्टी जास्त लागते. एका बाळानं विमान पडत नाही हे मलाही कळते, पण फरक एकाच बाळाचा आहे हे मोजल्याशिवाय कसं कळणार? आणि निघालं काय तर ती चिऊच होती. गेटवर तिचा पास स्कॅनच झाला नव्हता, म्हणजे यादीत आमच्याकडे बाळच नाही, म्हणून बेल्टही काढून ठेवलेला नाही. एका टिंगमुळे हे सगळं.

परत उभं राहिल्यावर सिनियर क्रू मॅडमनं डोकी दोनदा मोजली, हातातल्या त्या टिकटिक मशीननं. आजोबांना हात धरून मागच्या सीटवर नेलं, त्यांच्या जागी एक कॉलेजचा मुलगा आणला आणि त्याला दार नीट समजावलं. दाराजवळचा क्रॉस चेक, म्हणजे एकीनं दुसरीचं दार तपासायचं, तोही नीट एकमेकींकडे बघून केला. घाई बाजूला ठेवल्यावर तीच माणसं किती व्यवस्थित काम करत होती!

घरी येऊन मी याबद्दल बरंच वाचलं आणि झोप उडाली. २० सप्टेंबर २०१८ ला जेट एअरवेजच्या मुंबई-जयपूर फ्लाइटमध्ये केबिनमधल्या हवेच्या दाबाचा एक स्विच लावायचा राहिला, १६६ प्रवासी होते, तिसाहून जास्त लोकांना त्रास झाला, काहींच्या नाका-कानातून रक्त आलं, विमान मुंबईला परत आणावं लागलं. ते वाचले. २००५ मध्ये सायप्रसच्या हेलिओस कंपनीच्या विमानात दाबाचाच स्विच मॅन्युअलवर, म्हणजे दाब आपोआप सांभाळला जाणार नाही असा, राहून गेला होता, उडण्याआधी क्रूच्या लक्षात आलं नाही, ग्रीसमध्ये १२१ माणसं गेली. आणि अमेरिकेत डेट्रॉइटला १९८७ मध्ये विमान धावपट्टीकडे नेताना वाचायची चेकलिस्ट वाचलीच नाही, पंखांचे फ्लॅप्स, म्हणजे उडताना जास्त उचल मिळावी म्हणून बाहेर काढतात ते भाग, लावायचे राहिले, १५६ गेले, विमानातली फक्त एक चार वर्षांची मुलगी वाचली. हे वाचताना मी चिऊला उचलून मांडीवर घेतलं.

यातले कोणी नवशिके नव्हते हो. रोजचं काम असते म्हणूनच राहून जाते, हात सवयीनं चालतात आणि मध्येच कोणी हाक मारली की एक पायरी गळते. चेकलिस्ट आलीच मुळी त्यासाठी, १९३५ मध्ये बोइंगचं नवं विमान अमेरिकेत उडता उडता पडलं, शेपटीचे भाग जागेवर अडकवून ठेवणारं लॉक काढायचं राहिलं होतं, चालवणारा अनुभवी टेस्ट पायलट होता. तेव्हापासून कागदावर लिहून वाचायची पद्धत रुजली.

कंपनीला मेल केला, सगळं लिहिलं, बेल्ट, आजोबा, गेटवरचं स्कॅन. तीन दिवसांनी उत्तर आलं की आपल्या फ्लाइटला झालेल्या विलंबाबद्दल दिलगीर आहोत, आणि पाचशे रुपयांचं व्हाउचर. अहो, विलंबाबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं! परत गेलो ती वीस मिनिटं हीच तर त्या संध्याकाळची एकमेव बरोबर गोष्ट होती. मी परत मेल टाकला आहे, व्हाउचर नको, त्या पोरीवर कारवाई करू नका, आणि लेट आलेल्या विमानाला परत उडायच्या आधी क्रूला किमान किती वेळ देता तेवढं कळवा.

बाळ घेऊन जाणाऱ्यांनी गेटवर बाळाचा पास टिंग वाजला का ते बघून घ्या, आणि आत शिरतानाच दारात बेल्ट मागा, सीटवर जाऊन नाही. मेलचं उत्तर आलं की इथेच टाकते.