नांगराला पूर्ण साखळी की नायलॉनचा दोर?

रिटायर झाल्यावर मुंबईहून मालवण, गोवा असं निवांत शिडाच्या बोटीने जायचं म्हणत असाल तर इंजिनाआधी नांगराचं बघा, कारण रात्रीची झोप त्यावरच आहे. पूर्ण साखळी असली की खडकावर घासून तुटायची भीती जवळपास नाही, आणि मालवणकडे तळाला खडक भरपूर. शिवाय स्वतःच्या वजनाने ती तळाशी पडून राहते म्हणून खोलीच्या पाचपट सोडली तरी साध्या हवेत भागतं, दोर मात्र सातपट तरी लागतो. म्हणजे भरतीचं पाणी ५ मीटर आणि बोटीचं नाक त्यावर १ मीटर धरलं तर साखळी ३० मीटर, दोर ४२. खोली भरतीचीच धरा हं, मुंबईला उधाणात पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं.

पण ८ मिलिमीटरची ५० मीटर साखळी ७० किलोच्या आसपास जाते, पासष्टीत हाताने ओढायची नाही, विंडलास, म्हणजे साखळी ओढून घेणारं यंत्र, लागणारच आणि बॅटरीही तशीच तगडी. दोर हलका, स्वस्त, लाटांचे झटके छान पचवतो. छोट्या बोटीला, चिखलाच्या खाडीत, नांगराकडच्या टोकाला थोडी साखळी जोडून दोर चालेल. लांबच्या सफरीला मी साखळीच घेईन, आणि झटके पचवायला बोटीकडच्या टोकाला नायलॉनच्या दोराचा एक तुकडा बांधेन.