अलाइनमेंटचे पैसे घेतले, पाना मात्र लावलाच नाही

गेल्या पावसाळ्यात खंबाटकी घाट उतरून साताऱ्याकडे येताना पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात माझ्या गाडीचे पुढचे डावे चाक जोरात आदळले. त्यानंतर स्टिअरिंग सरळ धरले तरी गाडी किंचित डावीकडे ओढू लागली. दोन-अडीच महिन्यांनी गाडी धुताना लक्षात आले की पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड गोटा झाली आहे, बाहेरची नक्षी मात्र शाबूत आहे. सातारा-पुणे फेरी आठवड्यातून दोनदा होत असल्याने मी फार चौकशी न करता महामार्गालगतच्या एका चकचकीत टायरच्या दुकानात गाडी नेली.

तिथल्या माणसाने वाकून एकदा पाहिले आणि निदान सांगून टाकले, "मॅडम, टायरचा माल संपलाय, पुढची जोडी बदलावी लागेल. कॅम्बरही आउट दिसतोय, तो काढून देतो." (कॅम्बर म्हणजे समोरून पाहताना चाक आत किंवा बाहेर किती कललेले आहे ते.) टायर एकाच कडेने का घासले, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही आणि मीही त्याला विचारला नाही. मला काचेच्या केबिनमध्ये बसवून चहा दिला गेला (चहा उत्तम होता, हे मान्य करायला हवे) आणि तासाभराने हिशेब सांगण्यात आला: दोन टायर ९,६०० रुपये, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) ५००, बॅलन्सिंग (चाकाचे वजन सगळीकडे सारखे करणे) ४००, कॅम्बरचे काम १,८००, एकूण १२,३०० रुपये. हातात पडली ती केवळ एकूण रक्कम लिहिलेली साधी चिठ्ठी आणि हिरव्या आकड्यांनी भरलेला अलाइनमेंट मशीनचा एक कागद. जुने टायर दुकानातच राहिले, म्हणजे होता तो पुरावाही मीच सोडून आले.

चार महिन्यांनी, जेमतेम ७,००० किलोमीटर झाल्यावर, पंक्चर काढणाऱ्याने चाक उतरवले आणि ते माझ्यासमोर आडवे धरले. नव्या टायरची आतली कड झिजमर्यादा दाखवणाऱ्या पट्टीपर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, आली होती. उभ्या गाडीत ही कड दिसत नाही, ती पाहायची तर स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागे डोके घालावे लागते.

मग मी गावातल्या जुन्या फिटरकडे गेले. त्यांनी आधी माझा तळहात टायरवर आडवा फिरवायला लावला. एका दिशेने तो सहज सरकला, उलट्या दिशेने मात्र नक्षीच्या कडा करवतीच्या दातांसारख्या बोचल्या. "ताई, हा टोचा दोष. गाडी टायर खातेय," ते म्हणाले. टो म्हणजे वरून पाहताना चाकांची तोंडे आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते. हवा कमी असेल तर टायर दोन्ही कडांना घासतो, जास्त असेल तर मधोमध, शॉकअब्सॉर्बर गेले असतील तर जागोजागी खळगे पडतात, आणि कॅम्बर बिघडला असेल तर एक कड घासते, पण ती बहुधा गुळगुळीत असते, असे दातरे तिला सहसा येत नाहीत. दोन्ही चाकांच्या आतल्या कडा दातऱ्यांसह घासल्या असतील, तर दोन्ही चाकांची तोंडे पुढच्या बाजूने बाहेर फाकली आहेत, असा त्याचा अर्थ.

त्यानंतर त्यांनी गाडी रॅम्पवर घेतली आणि टायरॉडच्या (स्टिअरिंग आणि चाक जोडणाऱ्या दांड्याच्या) चेकनटवर, म्हणजे तो रॉड जागेवर घट्ट धरणाऱ्या नटावर, टॉर्च मारला. टो बदलायचा तर हा नट सैल करून रॉड फिरवावाच लागतो, दुसरा मार्ग नाही. त्या नटावर वाळलेल्या चिखलाचा थर होता, त्याखाली गंज होता, आणि पान्याचा एकही ओरखडा नव्हता. शिवाय माझ्या गाडीसारख्या बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांचा कॅम्बर बदलण्याची सोय कंपनीने दिलेलीच नसते, त्यामुळे ते १,८०० रुपये कशाचे होते हे मला आजतागायत कळलेले नाही. खड्ड्यात आदळलेल्या बाजूच्या लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, रबरी बुश फाटलेला होता. तो बदलल्याशिवाय अलाइनमेंट केली असती तरी ती टिकली नसती.

घरी येऊन मी तो हिरवा कागद पुन्हा काढला. त्यावर दुरुस्तीपूर्वीच्या आकड्यांचा रकाना नव्हता, गाडीचे मॉडेल दुसरेच होते आणि छापलेली वेळ सकाळी १० वाजून १२ मिनिटांची होती. मी त्या दिवशी दुकानात पोहोचले होते पाऊण वाजता. दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा कागद मी चार महिने जपून ठेवला होता.

दुकानात जाऊन हे दाखवले तेव्हा उत्तर मिळाले, "रस्ते असे आहेत मॅडम, अलाइनमेंटची गॅरंटी कोणी देत नाही." राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, हे मला ठाऊक होते, पण माझ्याजवळच्या चिठ्ठीवर ना गाडीचा नंबर होता, ना जीएसटी क्रमांक, ना कामाचा तपशील. अशा चिठ्ठीच्या जोरावर काय सिद्ध करणार? आता तपशीलवार पक्के बिल आणि आधीचे-नंतरचे आकडे असलेला कागद मिळणार नसेल, तर मी गाडी आत घालतच नाही.

बुश बदलून दुसरीकडे अलाइनमेंट केली तेव्हा मी मशीनच्या पडद्यासमोर उभी राहिले. दोन्ही चाकांचा मिळून टो आधी उणे (म्हणजे बाहेर फाकलेला) ०.८० अंश होता, नंतर ०.०६ झाला. ०.८० अंश ऐकायला किरकोळ वाटते, पण प्रत्येक चाकाच्या वाट्याला ०.४० अंश आले तरी ते किलोमीटरमागे सुमारे सात मीटर आडवे फरफटते. टायर मात्र वाचले नाहीत, ती जोडी मला पुन्हा विकत घ्यावी लागली.

त्या दिवशी फिटरकाकांच्या सांगण्यावरून मी गाडी मशीनवर चढण्याआधीच चेकनट आणि रॉड यांच्यावर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढून घेतली होती. काम झाल्यावर वाकून पाहिले, तेव्हा नटावरचा तुकडा एकीकडे आणि रॉडवरचा दुसरीकडे गेलेला होता.