टेस्ट-डे दूध: रिपीटॅबिलिटी मॉडेल की रँडम रिग्रेशन?

महिन्यातून एकदा, म्हणजे टेस्ट-डेला, दूध मोजलंय, प्रत्येक म्हशीच्या आठ-दहा नोंदी आहेत, वंशावळही बरी आहे, आणि कुठला रेडा आनुवंशिकदृष्ट्या सरस हे काढायला कुठलं मॉडेल घ्यायचं, तिथे येऊन गाडं अडलंय. मीही तिथेच अडलो होतो. माझा डेटा एकाच कळपातला, पहिल्या वेताचा. दोन्ही मॉडेलं चालवून पाहिली.

रिपीटॅबिलिटी मॉडेल तसं भाबडं. व्याल्यानंतरच्या दहाव्या दिवसाचं दूध आणि तीनशेव्या दिवसाचं दूध त्याच्या लेखी एकच गुण. कुठल्याही दोन दिवसांच्या दुधातला आनुवंशिक सहसंबंध १, व्हेरियन्सही (जनावरा-जनावरांतला फरक) वेतभर तेवढाच. हे खरं नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. भरभर चढून झपकन उतरणारी म्हैस आणि संथपणे टिकून राहणारी, दोघींना ते एकाच आकड्यात बसवतं.

रँडम रिग्रेशन दिसायला देखणं. १९९४ मध्ये शेफर आणि डेकर्स यांनी टेस्ट-डे दुधासाठी मांडलं आणि १९९९ मध्ये कॅनडाने राष्ट्रीय मूल्यांकनात आणलं. प्रत्येक जनावराला स्वतःचा वक्र मिळतो. पण तो वक्र बसवायला वर्गापर्यंतची (दुसऱ्या घाताची) लेजांद्र बहुपदी घेतली तरी आनुवंशिक भागासाठी ६ आणि कायम-परिस्थितीसाठी (जनावराला कायम चिकटलेला, पण आनुवंशिक नसलेला परिणाम) ६ व्हेरियन्स-कोव्हेरियन्स काढावे लागतात. घनापर्यंत गेलात की दहा-दहा. लाखोंनी नोंदी असतील तर हा खर्च जाणवत नाही.

माझं बिनसलं ते टोकांवर. वेताच्या मध्यावर हेरिटॅबिलिटी (एकूण फरकातला आनुवंशिक वाटा) शहाण्यासारखी वागत होती, पण दोन्ही टोकांना वक्र विंचवाच्या नांगीसारखा वर. पहिल्या आणि शेवटच्या टेस्ट-डेचा आनुवंशिक सहसंबंध चक्क उणे. आधी मला वाटलं, काहीतरी नवीन सापडलं! सरांनी आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "शेवटच्या महिन्यात दुधात किती उरल्या होत्या रे?" मोजल्या तर मूठभर. बाकीच्या आटलेल्या. त्यातही उरलेल्या बऱ्याचशा एकतर मुळात दुधाळ, नाहीतर वेळेवर गाभण न राहिलेल्या. बहुपदीला टोकाशी धरायला काही नसलं की ती मोकाट सुटते. घात वाढवला की एआयसी (मॉडेलांची तुलना करायचा निकष) सुधारायचा, आणि नांगी आणखी उंच व्हायची. वर्गावरून घनावर गेलो तेव्हा यादीतला पहिला रेडाच बदलला. शेतकऱ्याला कुठल्या रेड्याचं वीर्य द्यायचं हे मी निवडलेल्या घातावर ठरत असेल, तर माझा जीव त्यात रमेना.

शेवटी मी परतलो ते रिपीटॅबिलिटीकडेच, पण थोडी डागडुजी करून: सरासरी वक्र विल्मिंकच्या दूध-वक्राच्या सूत्राने फिक्स्ड (सगळ्यांना सारख्या) भागात बसवला आणि शेष (मॉडेलला न उलगडलेला) व्हेरियन्स वेताच्या टप्प्यांनुसार वेगळा ठेवला. शेवटच्या काही नोंदी काढून पाहिल्या तरी वरचे रेडे जागेवरून फारसे हलले नाहीत. माझ्या एका कळपापुरतं सांगतोय. मोठ्या प्रकल्पात चित्र वेगळं असू शकेल.

तुमचा प्रश्नच दूध किती टिकून राहतं हा असेल, तर मात्र रिपीटॅबिलिटी मॉडेलकडे उत्तर नाही, तिथे रँडम रिग्रेशनच घ्या. फक्त लेजांद्रऐवजी मोजक्या गाठींचे रेषीय स्प्लाइन (गाठींपाशी जोडलेले सरळ तुकडे) बघा, त्यांची टोकं जरा गरीब असतात. आणि मॉडेल चालवण्याआधी शेवटच्या दोन टेस्ट-डेला किती जनावरं दुधात होती, तेवढं मोजून घ्या. मी ते दोन महिने उशिरा मोजलं.