टॅबवरचे नऊ प्रश्न: आठ महिन्यांच्या वापरानंतर

युवा समुपदेशन केंद्रात कागदी पीएचक्यू-9 (नैराश्याची लक्षणं मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) टॅबवर आणली, त्याला आठ महिने झाले. दोन समुपदेशक, आठवड्यातून एकदा येणारे मानसोपचारतज्ज्ञ, 10 इंची तीन टॅब आणि ऑफलाइन चालणारं सर्वेक्षणाचं फुकट अॅप, एवढाच पसारा. आधीच सांगून टाकतो: टॅबमुळे वेळ वाचतो तो बेरजेचा. बेरजेनंतरचं काम होतं तेवढंच राहतं.

प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. (11 ते 17 वयासाठी किशोरवयीनांची वेगळी आवृत्ती आहे, तीच लावा.) 10 किंवा जास्त आले तर सविस्तर तपासणी हवी, त्यावरून निदान होत नाही. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. एकूण 6 गुण, पण नवव्याला 1, असं मूल गुणांच्या तक्त्यात निमूटपणे 'सौम्य' रकान्यात जाऊन बसतं. म्हणून नवव्याला 0 सोडून काहीही आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी, मूल इमारतीबाहेर पडण्याआधी समुपदेशकाने भेटायचं.

गोची इथेच झाली. इशारा सर्व्हरवरून ईमेलने येईल अशी सोय होती. नेट गेलं की फॉर्म टॅबमध्येच अडकून राहतो आणि इशारा संध्याकाळी येतो, मूल घरी पोचल्यावर. आता हिशोब टॅबमध्येच होतो आणि शेवटच्या पडद्यावर कोपऱ्यात एक अक्षर दिसतं. 'ब' दिसलं की स्वागतकक्षातल्या ताई थेट आत कळवतात. गुण त्यांना दिसत नाहीत. पोरं हुशार, 'ब' आलं की लवकर आत घेतात हे त्यांना महिन्याभरात कळतं. अक्षर अधूनमधून बदला.

दुसरी चूक सूत्रातली. एखादं उत्तर रिकामं राहिलं की बेरीजच येत नाही. रिकाम्या जागी 0 धरण्याचा सोपा उपाय मुळीच करू नका, त्याने खरे गुण खाली ओढले जातात. 'उत्तर द्यायचं नाही' असा पाचवा पर्याय ठेवा आणि प्रश्न सक्तीचा करा. एक-दोन उत्तरं नसतील तर उरलेल्यांची सरासरी धरता येते. त्याहून जास्त नसतील तर बेरीज सोडा आणि समोर बसून बोला. नवव्याला हा पर्याय निवडला तरी 'ब'च.

कीबोर्ड मात्र पक्का चुगलखोर. आधीच्या मुलाने मोकळ्या चौकटीत लिहिलेले शब्द तो पुढच्याला सुचवतो. शब्दसूचना, ऑटोफिल, नोटिफिकेशन तिन्ही बंद करा, अॅप पिन करा, म्हणजे मुलाला त्यातून बाहेर पडता येत नाही.

घरी दर आठवड्याला लिंक पाठवणं बंद केलं. प्रश्न दोन आठवड्यांचे असल्याने एकच आठवडा दोनदा मोजला जातो. शिवाय बऱ्याच घरांत फोन एकच, संदेश आई किंवा मोठा भाऊ आधी वाचतो. आता मजकूर एवढाच: 'उद्या 4 वाजता भेट.' केंद्राचं नाव नाही, 'समुपदेशन' हा शब्दही नाही.

व्हिडिओ भेट बाहेरगावच्या मुलांना सोयीची, पण पहिल्या दोन मिनिटांत तीन गोष्टी विचाराव्याच लागतात: आत्ता नेमके कुठे आहात, जवळ कोण आहे, कॉल तुटला तर कोणत्या नंबरवर करू. परत फोन केंद्रानेच करायचा, मुलाने वाट बघायची, हेही तेव्हाच ठरवा. नाहीतर दोघंही एकमेकांना लावत बसतात आणि दोघांनाही व्यस्त. मूल घरच्यांपासून लांब गच्चीवर उभं असेल आणि कोणी ऐकण्याची भीती असेल तर उत्तरं हो-नाहीत देता येतील असे प्रश्न विचारा. डॉक्टरांच्या बाबतीत मात्र अडचण आहे: 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार अल्पवयीन मुलासोबत ओळख पटलेली प्रौढ व्यक्ती असावी लागते. पंधरा वर्षांची मुलगी आईशेजारी बसून किती बोलणार? त्यामुळे 18 च्या आतल्यांची मानसोपचारतज्ज्ञांशी पहिली भेट केंद्रातच, तीही थोडा वेळ एकटीने.

टॅबच्या शेवटच्या पडद्यावर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 मोठ्या अक्षरांत ठेवला आहे. ही सरकारी सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. मोफत, चोवीस तास, मराठीतही. पडदा मिटला की नंबर विसरतो, म्हणून तोच छापलेलं छोटं कार्डही देतो. आणि ड्रॉवरमध्ये वीस कागदी प्रती कायम असतात. वीज जाते, चार्जर हरवतो, काही मुलांना आपलं उत्तर काचेवर टेकवण्यापेक्षा पेनने खूण करणं बरं वाटतं.