लाइफरे पोर्टलचं सर्च वेगळ्या सर्व्हरवर : इलॅस्टिकसर्च रिव्ह्यू

आमचं डॉक्युमेंट पोर्टल लाइफरेवर (पोर्टल बनवायचं सॉफ्टवेअर) आहे आणि सर्च आता वेगळ्या मशीनवर इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनमध्ये चालतं, मनापासून सांगतो, हे असंच करा. लाइफरेसोबत येणारं साइडकार सर्च, म्हणजे पोर्टलच्याच मशीनवर चालणारं, फक्त डेव्हलपमेंट-टेस्टिंगपुरतं आहे, कंपनीच तसं सांगते, तरी लोक लाइव्ह साइट त्याच्यावर रेटतात! मग रीइंडेक्स (सर्चची यादी नव्याने बनवणं) लावलं की पोर्टल आणि सर्च एकाच रॅमसाठी भांडतात आणि लॉगिनचं पान सुद्धा नुसतं फिरत बसतं. वेगळं केल्यावरही रीइंडेक्सच्या वेळी डेटाबेसवर लोड येतोच, पण लोकांची कामं अडत नाहीत.

सेटअप फार अवघड नाहीये. प्रॉडक्शन मोड ऑन करायचा, कॉन्फिगमध्ये सर्च सर्व्हरचा पत्ता द्यायचा, पोर्ट ९२००. आयसीयू, कुरोमोजी, स्मार्टसीएन, स्टेम्पेल हे वेगवेगळ्या भाषांसाठीचे चारही प्लगिन इलॅस्टिकसर्चमध्ये स्वतः टाकावे लागतात, ते राहिले तर इंडेक्सच नीट बनत नाही. सर्च सर्व्हरच्या रॅमचा निम्म्यापेक्षा जास्त भाग हीपला (जावाची स्वतःची मेमरी) देऊ नका, बाकीची ल्युसीनच्या (इलॅस्टिकसर्चच्या आतली सर्च लायब्ररी) फाइल कॅशला लागते. आणि इलॅस्टिकसर्चचं व्हर्जन लाइफरेच्या कम्पॅटिबिलिटी यादीत बघूनच घ्या.

एक गोष्ट मात्र खटकते, इलॅस्टिकसर्चमध्ये मराठीसाठी तयार अॅनालायझर (शब्दाची वेगवेगळी रूपं ओळखणारा भाग) नाही. हिंदी आहे, बंगाली आहे, आपला नाही. म्हणजे 'रस्ता' शोधलं की 'रस्त्यावरील' वालं परिपत्रक येतच नाही, सरकारी पोर्टलला हे फार महागात पडतं.

आणि हो, ९२०० पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवू नका, फायरवॉलमध्ये फक्त पोर्टलच्या सर्व्हरला परवानगी द्या.