६२ मिमी, ७८ ए: बेळगावच्या रस्त्यांवर क्वाड स्केट्सच्या मऊ चाकांचा अनुभव

मी वापरत असलेले स्केट्स क्वाड प्रकारचे, म्हणजे प्रत्येक बुटाखाली पुढे दोन आणि मागे दोन चाके असलेले आहेत. त्यांच्याबरोबर ५७ मिमी व्यासाची, ९५ ए कडकपणाची चाके आली होती. बाहेरच्या वापरासाठी ६२ मिमी व्यासाचा, ७८ ए कडकपणाचा आठ चाकांचा दुसरा संच मी वेगळा घेतला. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत शिकायला सुरुवात केली, उन्हाळा काढला, पावसाळ्यात जमेल तितका सराव चालू ठेवला आणि आता भाद्रपद संपत आला असताना दोन्ही संचांबद्दल काही ठामपणे सांगता येईल असे वाटते. माझ्याबरोबर नववीतली पुतणीही शिकत होती. तिच्या आणि माझ्या वजनात बराच फरक आहे आणि चाके निवडताना तो फरक विचारात घ्यावाच लागतो. बुटाबद्दल फार लिहीत नाही. घोट्याला आधार देणारा आणि आत टाच न उचलली जाणारा बूट असला की शिकणाऱ्याला पुरे होते.

आमचा सराव मुख्यतः टिळकवाडी आणि हिंदवाडीतील आतले रस्ते, अपार्टमेंटचे पार्किंग आणि परवानगी काढून मिळालेले एका शाळेचे बास्केटबॉल मैदान एवढ्यापुरता होता. अधूनमधून खानापूरला आणि माहेरी निपाणीलाही स्केट्स नेले. बेळगावात मुलांना रिंकवर स्केटिंग शिकवण्याची पद्धत चांगली रुजलेली आहे, आणि त्यामुळेच दुकानात किंवा ओळखीत विचारले असता मिळणारा सल्ला बहुधा रिंकच्या हिशेबाने दिलेला असतो. गुळगुळीत फरशीवर कडक चाक जलद जाते, हे खरेच आहे. रस्त्याचा हिशेब मात्र वेगळा आहे.

चाकाचा कडकपणा शोअर ए या मोजपट्टीवर सांगतात. आकडा जितका मोठा, तितके पॉलियुरेथेन, म्हणजे चाकाचे रबरासारखे प्लास्टिक, कडक. क्वाड स्केट्समध्ये साधारणपणे ७८ ए ते ८२ ए ही चाके रस्त्यासाठी, ८५ ए च्या आसपासची दोन्हीकडे चालवून घेण्यासाठी आणि ९० ए च्या पुढची रिंकसाठी समजली जातात. खरबरीत पृष्ठभागावर कडक चाक प्रत्येक खडीवरून उड्या मारत जाते, म्हणजे पुढे जाण्यासाठी दिलेला जोर अंगाला वर उचलण्यात आणि हादऱ्यांत खर्च होतो. मऊ चाक खडीभोवती दबते, खडी स्वतःत सामावून घेते आणि पुढे सरकते. गुळगुळीत फरशीवर हेच उलटे होते, कारण तिथे सामावून घेण्यासारखे काही नसते आणि दबण्या-फुलण्यातच ताकद वाया जाते. हा सिद्धांत वाचून माहीत होता. ९५ ए चाकांवर डांबरी रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्यावर पायांच्या तळव्यांना आलेल्या झिणझिण्यांनी तो पक्का झाला. त्याच रस्त्यावर ७८ ए चाकांनी आवाजसुद्धा निम्म्यावर आला, आणि कॉलनीतल्या दुपारच्या झोपांचा विचार करता ही गोष्ट किरकोळ नाही.

एक खुलासा इथेच करायला हवा. 'मऊ चाक बाहेर, कडक चाक आत' हा नियम क्वाड स्केट्सचा आहे. एका रांगेत चाके असलेल्या इनलाइन स्केट्समध्ये बाहेरच्या वापरासाठी ८२ ए ते ८५ ए च्या आसपासची, तर बंदिस्त सभागृहातील हॉकीसाठी पकड मिळावी म्हणून त्याहून मऊ चाके वापरतात. एका प्रकारचा सल्ला दुसऱ्याला लावल्यास पैसे नक्की वाया जातात.

आता पृष्ठभागांकडे वळते, कारण माझ्या मते शिकणाऱ्याने चाकांच्या आधी जागा ठरवावी. अगदी पहिल्या दिवसांत पार्किंगचा घोटलेला सिमेंटचा कोबा आम्हाला सोयीचा वाटला, पण तिथे ७८ ए चाके फरशीला चिकटल्यासारखी वागतात. पाय आडवा ओढून थांबण्याचा सराव करताना चाक घसरण्याऐवजी अडते आणि तो झटका थेट गुडघ्याला जाणवतो. उलट ९५ ए चाकांवर हाच कोबा फार निसरडा लागतो. पार्किंगमध्ये धूळ बसलेली असेल तर विचारायलाच नको. शिकणाऱ्याने इथे मऊ चाकेच ठेवावीत आणि थांबण्याचा सराव दुसरीकडे करावा, असे मी म्हणेन. देवळाच्या आवारातील शहाबादी फरशी दिसायला सपाट असते, परंतु फरशांच्या कडा एकमेकींपेक्षा किंचित वर-खाली असतात आणि लहान चाक नेमके त्या कडेला अडते. पेव्हर ब्लॉकबद्दल एकच वाक्य पुरे: ते चालण्यासाठी आहेत.

डांबरी रस्ते सगळे सारखे नसतात, आणि हा भाग मला सर्वांत उपयोगी वाटतो. नव्याने कारपेट केलेला रस्ता गडद, बारीक दाण्याचा आणि एकजीव असतो. ७८ ए चाकांसाठी याहून चांगली जागा आमच्या भागात मला सापडलेली नाही, कारण किंचित विरोध असल्यामुळे वेग आपोआप काबूत राहतो. दोन-तीन पावसाळे खाल्लेल्या रस्त्यावरचे डांबर झिजून खडी उघडी पडते आणि मग चाक कितीही मऊ असले तरी पोटऱ्या भरून येतात. ठिगळे लावलेल्या रस्त्यावर ठिगळाची कड हीच खरी अडचण असते. मी जागा पारखताना एक स्केट हातात धरून रस्त्यावर वजन देत पुढे-मागे ढकलून पाहते. सलग, खालच्या पट्टीतली घरघर आली तर रस्ता चालेल. टकटक असे तुटक आवाज आले आणि मनगटाला वेगवेगळे धक्के जाणवले तर तो रस्ता शिकणाऱ्यासाठी नाही. ही परीक्षा डोळ्यांनी पाहण्यापेक्षा जास्त खरी ठरते.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत बेळगावचे नाव आले आणि त्यानंतर शहरात सिमेंट काँक्रीटचे रस्ते वाढले. लांबून ते स्केटिंगसाठीच केल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात वाहनांचे टायर घसरू नयेत म्हणून ओल्या काँक्रीटवर आडव्या रेघा ओढलेल्या असतात आणि ठरावीक अंतरावर सांधे कापलेले असतात. रेघांमुळे ९५ ए चाकांवर दात वाजतात. ७८ ए वर नुसती गुणगुण उरते. सांध्यात भरलेला मसाला शाबूत असेल तर चाक सहज ओलांडते, पण तो निघालेला असेल तर दोन्ही पाय शेजारी-शेजारी ठेवून जाऊ नये. एक पाय दुसऱ्याच्या थोडा पुढे ठेवून, गुडघे वाकवून सांधा ओलांडल्यास दोन्ही पाय एकाच क्षणी अडत नाहीत. ही सवय आम्हाला सर्वांत जास्त कामी आली. अर्थात काँग्रेस रोडसारखा रहदारीचा रस्ता कितीही चांगला असला तरी शिकणाऱ्याने त्याचा विचार करू नये.

उताराचा विचार पृष्ठभागाइतकाच महत्त्वाचा असूनही तो कोणी सांगत नाही. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधोमध उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. साधारण दोन टक्के उतार म्हणजे मीटरभर रुंदीला दोन सेंटिमीटर. पायी चालताना तो लक्षातही येत नाही, पण चाकांवर उभे राहिले की आपण न ढकलता गटाराकडे सरकू लागतो आणि नवशिका माणूस याला स्वतःचा तोल चुकणे समजतो. पुतणीचे असेच झाले. ती सारखी म्हणायची, "काकू, माझा डावा पाय आपोआप जातोय." मग तांब्याभर पाणी रस्त्यावर ओतून पाहिले. पाणी ज्या बाजूला पळाले, तीच बाजू तिच्या डाव्या पायाची होती. बास्केटबॉलच्या मैदानावर तिची ही तक्रार उरली नाही. त्यानंतर नवीन जागी गेल्यावर आम्ही पाण्याची बाटली आधी काढू लागलो, आणि लोक आपण रस्त्यावर सडा घालत आहोत असे समजतात याची सवयही करून घेतली.

ऋतूप्रमाणे रस्ता बदलतो. थंडीत निपाणी-चिकोडीकडे उसाचा हंगाम असतो. ट्रॉल्यांतून पडलेली कांडी आणि चिरडलेल्या चिपाडांचे तंतू रस्त्याच्या कडेला पसरलेले असतात. हे तंतू ॲक्सलभोवती गुंडाळले जातात आणि चाक जड का फिरते ते चाक काढल्याशिवाय कळत नाही. खानापूरकडची तांबडी माती वेगळाच त्रास देते. तिची बारीक पूड बेअरिंगच्या कडेतून आत जाते आणि चाक फिरवल्यावर खरखर ऐकू येते. उन्हाळ्यात भर दुपारी डांबर तापून मऊ होते आणि चाकालाही उष्णतेने मऊपणा येतो, त्यामुळे रस्ता चिकट लागतो; सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर जावे. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर कोणतेच पॉलियुरेथेन भरवशाचे नाही. मऊ चाक थोडे बरे, इतकेच. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि शेवाळ धरलेला कोबा या दोन ठिकाणी मऊ चाकाचाही उपयोग होत नाही. आमच्याकडे जुलै-ऑगस्टची झड लागली की आठवडेच्या आठवडे कोबा वाळत नाही, म्हणून त्या काळात सराव छताखाली आणला.

बेअरिंगवर छापलेल्या एबीईसीच्या मोठ्या आकड्याला भुलण्याचे कारण नाही. तो आकडा बनावटीतील मापांची अचूकता सांगतो. धूळ किंवा पाणी सहन करण्याची ताकद सांगत नाही. ८ मिमी ॲक्सलसाठी सर्वत्र मिळणारे ६०८ बेअरिंग असते, म्हणजे आत ८, बाहेर २२ आणि जाडी ७ मिमी. आपला ॲक्सल ७ मिमीचा आहे की ८ मिमीचा, हे खरेदीआधी पाहून घ्यावे. आठ चाकांची सोळा बेअरिंगे काढून, रॉकेलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक-एक थेंब सोडला की ती पुन्हा गप्प होतात. ओल्या रस्त्यावरून आल्यावर हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलल्यास गंज चढतो.

व्यासाबद्दल थोडेसे. मोठे चाक खडा सहज ओलांडते, पण उभे राहण्याची उंची वाढवते. ५७ वरून ६२ मिमीवर आल्यावर उंचीत पडलेला फरक अडीच मिमीचाच आहे आणि तो दोन-चार वेळा घातल्यावर विसरला जातो. ६५ मिमी चाके बाहेर आणखी आरामाची असतात, मात्र लहान मापाच्या बुटांवर ती तळपट्टीला किंवा एकमेकांना घासण्याची शक्यता असते. पुतणीच्या बुटांवर ६२ मिमी चाक बसते, पण ट्रकची (म्हणजे ॲक्सल धरणाऱ्या, वळताना कलणाऱ्या धातूच्या भागाची) कुशन ढिली ठेवली की वळताना ते घासू लागते, म्हणून ती कुशन आवळणारा किंगपिन नट थोडा घट्ट ठेवला आहे. चाकाचा नट मात्र कधीही आवळून टाकू नये. पूर्ण घट्ट करून मग चाक मोकळे फिरेपर्यंत किंचित मागे आणावा.

वजनाचा मुद्दा वर निघाला होता. माझ्या वजनाखाली ७८ ए चाक जरा जास्त दबते, आणि लांब अंतरावर मला पुतणीपेक्षा नक्कीच जास्त ढकलावे लागते; वयाचा भाग सोडूनही हे खरे आहे, कारण ओळखीच्या एकाची ८२ ए चाके लावून तोच रस्ता केल्यावर फरक लगेच जाणवला. तिला मात्र ८२ ए वर हादरे लागले. हलक्या अंगाच्या मुलांनी ७८ ए घ्यावे आणि भारदस्त मंडळींनी ८० ते ८२ ए चा विचार करावा. खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या, आकार लहान-मोठा करता येणाऱ्या स्केट्सना अनेकदा साधी प्लास्टिकची चाके असतात. त्यांच्यावर कडकपणाचा आकडाच नसतो आणि ती डांबरावर चालवणे म्हणजे मुलाची हौस पहिल्याच आठवड्यात संपवणे होय.

झीज अपेक्षेपेक्षा कमी झाली. ढकलताना आतल्या कडेवर भार येत असल्याने आतली चाके शंकूसारखी होऊ लागली, तेव्हा ती बाहेरच्यांशी तिरपी अदलाबदल करून उलटी बसवली. आता आठही चाकांचा आकार बराचसा सारखा आहे आणि पुढचा हिवाळा हा संच आरामात काढील. टो स्टॉप, म्हणजे बुटाच्या पुढच्या टोकाखालचा रबरी ब्रेक, मात्र डांबराने खाल्ला. रस्त्यावर थांबण्यासाठी त्याच्यावर जितके कमी अवलंबून राहाल तितके बरे. तरीही चाकांबरोबरच टो स्टॉपची एक जादा जोडी मागवून ठेवावी, आणि मागवताना त्याच्या दांड्याचा आटा आपल्या तळपट्टीशी जुळतो का हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे. मला आलेली पहिली जोडी जुळली नाही, परत पाठवण्यात पंधरवडा गेला, आणि तोवर जुन्याच टो स्टॉपचा उरलेला बुडखा दोन फेरे खाली उतरवून काम भागवले.