लिनक्सवर एक्स्टर्नल डिस्क दिसेना: केबल, हब, केस की फॉरमॅट?

डिस्क लावली, दिवा लागला, पण फाइल मॅनेजरमध्ये काहीच नाही. अशा वेळी ठाण्यात कुणालाही विचारा, चारांपैकी एक सल्ला मिळतो: केबल बदल, स्वतःचा अडॅप्टर असलेला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) घे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवी केस (डिस्कची बाहेरची पेटी) आण, नाहीतर सरळ फॉरमॅट मार. चारही उपाय कुठे ना कुठे बरोबर ठरतात. पहिले तीन चुकले तर पैसे जातात, चौथा चुकला तर डेटा.

यातला कुठला निवडायचा हे लिनक्स बऱ्याचदा स्वतःच सांगतं. टर्मिनल उघडून सुडोसह डीमेसेज ही कमांड डॅश डब्ल्यू लावून चालवा आणि मग डिस्क जोडा. ओळी उमटत जातील. ओळख पटण्याआधीच गाडी अडते का, ओळख पटते पण मोठी फाइल कॉपी करताना डिस्क मध्येच निसटते का, की सगळं ठीक दिसून फक्त माउंट होत नाही, म्हणजे आतल्या फाइली उघडत नाहीत? उत्तराप्रमाणे खरेदी ठरते. तिसऱ्या प्रकारात तर काही विकत घ्यावंच लागत नाही.

केबल की हब

या नोंदींत, म्हणजे लॉगमध्ये, एकही ओळ आली नाही, किंवा 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड' यापुढे उणे ७१ किंवा उणे ११० असा एरर आला, तर संशय आधी केबलवर आणि विजेवर घ्यायचा. उणे ७१ म्हणजे दोघांचं बोलणं मध्येच बिघडतंय. उणे ११० म्हणजे पलीकडून वेळेत उत्तरच येत नाही. कधी कधी तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 'मेबी द यूएसबी केबल इज बॅड?' असं प्रश्नचिन्हासकट विचारतो. कुठल्याही सॉफ्टवेअरने इतक्या नम्रपणे शंका काढलेली मी तरी पाहिलेली नाही.

अडीच इंची डिस्कला वीज पोर्टमधूनच मिळते. नियमाप्रमाणे यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि यूएसबी ३ चा ९००. डिस्कची तबकडी फिरायला लागते त्या क्षणी मागणी १ अँपिअरच्या आसपास जाऊ शकते. बारीक तारेच्या लांब केबलमध्ये थोडा व्होल्टेज वाटेतच पडतो, आणि मग डिस्क फिरते, टक्‌ करते, थांबते, पुन्हा फिरते. हा आवाज ऐकून डिस्क गेली असं लगेच ठरवू नका. डेस्कटॉपच्या मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला आखूड केबलने लावून पाहा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टपर्यंत आतून आणखी एक वायर आलेली असते, तिच्यावर भरवसा ठेवू नये. तिथेही टकटक चालूच राहिली, तर मात्र हा लेख सोडून शेवटच्या परिच्छेदाकडे जा.

केबलकडे बोट दाखवणाऱ्या खुणा अशा. प्लग हलवला की डिस्क येते-जाते. जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणारी एलएसयूएसबी ही कमांड डॅश टी लावून चालवली की वेगाच्या जागी ५०००एम ऐवजी ४८०एम दिसतं, म्हणजे यूएसबी ३ च्या जादा तारांचा संपर्कच नाही. डिस्कच्या बाजूचा तो रुंद, दोन भागांचा प्लग असतो ना, त्याचा छोटा भाग सैल झाला की हेच होतं. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळ्यानंतर संपर्कही काळवंडतात. अजून एक गमतीची खूण: कॉपी सुरू असताना शेजारच्या पोर्टमधला वायरलेस माउस अडखळायला लागला, तर केबलचं आवरण हलकं आहे. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, आणि ते माउस त्याच पट्ट्यात बोलतात.

हबकडे बोट केव्हा? तीच डिस्क तीच केबल दुसऱ्या मशीनवर मुकाट चालते, पण तुमच्या लॅपटॉपच्या एकुलत्या टाइप-सी डाँगलवर दुसरं काही लावलं की पडते. किंवा घरी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक सर्व्हर म्हणून लावला आहे. पाय ४ च्या चारही पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. पाय ५ ला ३ अँपिअरचा अडॅप्टर असेल तर सगळ्या पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरची मर्यादा, आणि ५ अँपिअरचा असेल तर १.६ अँपिअर. पाय ५ वाल्यांनी हबआधी बोर्डचा अडॅप्टर बदलावा. बाकीच्यांनी हब घेताना सोबत अडॅप्टर आहे ना हे पाहून घ्यावं. बिनअडॅप्टरचा हब म्हणजे आहे तीच वीज आणखी जणांत वाटणं.

माझं मत सरळ आहे. अर्ध्या मीटरची चांगली केबल प्रत्येकाने आधी घ्यावी, हब फक्त पायवाल्यांनी आणि एका पोर्टवर संसार करणाऱ्यांनी. साडेतीन इंची डिस्कला मात्र हबचा उपयोग शून्य, कारण तिला १२ व्होल्ट लागतात आणि ते तिच्या स्वतःच्या अडॅप्टरमधूनच येतात. तो थकला असेल तर तसाच, त्याच व्होल्टेजचा आणा. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या चार्जरची पिन कधी कधी बरोबर बसते. ती बसवली की डिस्कचं सर्किट जळू शकतं.

यूएएस बंद करायचं की केस बदलायची

डिस्क दिसते, छोट्या फाइली जातात, पण लग्नाचा व्हिडिओ कॉपी करायला घेतला की लॉगमध्ये 'रीसेट सुपरस्पीड' च्या ओळींचा पाऊस आणि मध्ये 'यूएएस' ने सुरू होणारे अबॉर्ट. वीज आणि केबल तपासून झाली असेल, तर संशय केसच्या आतल्या चिपवर, म्हणजे डिस्कची आतली साटा जोडणी आणि यूएसबी यांच्यामधल्या दुभाष्यावर. यूएएस ही यूएसबी डिस्कशी बोलण्याची नवी पद्धत एकावेळी अनेक आज्ञा पाठवते, जुनी पद्धत एकामागून एक. काही चिपांचं फर्मवेअर नव्या पद्धतीत गडबडतं. अशा अनेक चिपांची यादी कर्नलमध्ये आधीच आहे, पण तुमची चिप तिच्यात नसेल.

बंद करायला पैसे लागत नाहीत. एलएसयूएसबीमधून डिस्कचा आयडी घ्या, जेमायक्रॉनच्या एका चिपचा १५२डी:०५७८ असा असतो. मग एटीसीमधल्या मॉडप्रोब डॉट डी फोल्डरात एक फाइल करून यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरच्या क्वर्क्स (अपवादांच्या) पर्यायाला तो आयडी द्या, पुढे कोलन आणि 'यू' हे अक्षर. उबुंटू किंवा डेबियनवर इनिटरॅमएफएस (सुरू होताना आधी वाचली जाणारी फाइल) अपडेट करा आणि मशीन रीस्टार्ट करा. फिरत्या तबकडीच्या डिस्कला वेगात फारसा फरक जाणवत नाही; एसएसडी असेल तर बारीकसारीक फाइलींचं काम मंदावतं. दुसरी अडचण, ही सोय त्या एका मशीनपुरती. ऐरोलीच्या ऑफिसात आणि घरी दोन्हीकडे डिस्क नेत असाल तर दोन्हीकडे करावी लागेल.

केस बदलली की त्रास सगळीकडचा जातो, शिवाय केबलपेक्षा थोडेच जास्त पैसे पडतात. पण खरेदीआधी डिस्क उघडता येते का ते पाहा. वेस्टर्न डिजिटलच्या माय पासपोर्टच्या अनेक मॉडेलांत यूएसबी सॉकेट थेट डिस्कच्या सर्किटवरच असतं. आत साटा कनेक्टर नसतोच, त्यामुळे नवी केस निरुपयोगी. काही डिस्कमध्ये डेटा त्या चिपमार्फत एन्क्रिप्ट होऊन लिहिलेला असतो, मग पासवर्ड तुम्ही कधी लावला नसला तरी दुसऱ्या केसमध्ये नुसता कचरा दिसतो. आणि २ टीबीच्या वरच्या डिस्कच्या काही जुन्या केस ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) दाखवत. अशी डिस्क बाहेर काढून लावली की पार्टिशनच, म्हणजे डिस्कचा आखलेला भागच, गायब वाटतं. घाबरून तिथे फॉरमॅटला हो म्हणू नका, जुन्या केसमध्ये परत घाला.

म्हणून क्रम असा: केस घ्यायची ठरवली असली तरी आधी यूएएस बंद करून पाहा. रीसेट थांबले तर चिपचा दोष पक्का. नाही थांबले तर नव्या केसने काही साधेलच असं नाही, स्मार्टसीटीएल या कमांडने डिस्कची तब्येत पाहा. पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या कप्प्यांचा, आकडा शून्याच्या वर असेल तर खर्च केसवर नाही, नव्या डिस्कवर करा.

फॉरमॅट

डिस्कांची यादी देणाऱ्या एलएसबीएलके कमांडमध्ये पार्टिशन दिसतं आणि फक्त माउंट नाकारलं जातं, तेवढ्यापुरताच हा विषय. विंडोजचा एनटीएफएस फॉरमॅट असेल तर बहुधा डिस्क विंडोजवरून इजेक्ट न करता उपटलेली असते. २०२१ मध्ये कर्नल ५.१५ बरोबर आलेला एनटीएफएस३ ड्रायव्हर अशी 'डर्टी' डिस्क माउंट करायला नकार देतो. विंडोजवर चेकडिस्क चालवा, काम होतं. लिनक्समधलं एनटीएफएसफिक्स ती खूण पुसतं, पण खरी दुरुस्ती फारशी करत नाही.

नवीन फॉरमॅट निवडायचाच असेल तर: डिस्क टीव्हीला, झेरॉक्सच्या दुकानात, मामांच्या विंडोजला लागत असेल तर एक्सफॅट, कर्नल ५.७ पासून म्हणजे २०२० पासून त्याचा चांगला ड्रायव्हर आतच आहे. त्याला जर्नल, म्हणजे बदलांची आधी केलेली नोंद, नाही, म्हणून उपटाउपटी त्याला सोसत नाही. फक्त लिनक्सचा बॅकअप असेल तर लिनक्सचा स्वतःचा फॉरमॅट ईएक्सटी४. वरच्या दोन प्रकारच्या तक्रारींवर फॉरमॅट हा उपाय नाहीच, मग दुकानदार काहीही म्हणो.

कुठून घ्यायचं

केबल ठाणे स्टेशनजवळ किंवा वाशीत मिळते, तेवढ्यासाठी दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडसाठी ग्रँट रोड स्टेशन गाठण्यात अर्थ नाही. केससाठी जायला हरकत नाही, निवड जास्त आहे. रविवारी मात्र जाऊ नका. लॅपटॉप आणि डिस्क सोबत न्या, दुकानातच लावून मोठी फाइल कॉपी करून पाहा.

डेटाची दुसरी प्रत कुठेच नसेल आणि डिस्क टकटकत असेल, तर यातलं काहीच करू नका. फोटो लाखमोलाचे असतील तर वीज काढा आणि रिकव्हरीवाल्यांकडे द्या. टकटक नाही, नुसती अडखळते आहे, तर डीडीरेस्क्यू या कमांडने आधी अख्ख्या डिस्कची प्रत काढा, मॅप फाइल (कुठवर वाचलं याची नोंद) देऊन, म्हणजे मध्येच तुटलं तरी तिथून पुढे सुरू करता येतं. यूएसबी २ च्या पोर्टवर स्थिर चालत असेल तर तिथेच चालू द्या. १ टीबीला साधारण ८ तास लागतील. प्रत घ्यायची डिस्क निदान तेवढ्याच क्षमतेची हवी, आणि फाइली शोधणं वगैरे त्या प्रतीवरच.